एकट्या झाडाच्या शेंगा

एकदा एक मुख्याध्यापक आपल्याच शाळेच्या निवृत्त शिपायाचे शिष्य झाले. असे सहसा घडत नाही. ज्ञान नेहमी वरून खाली वाहते अशी आपली ठाम समजूत आहे. घंटेच्या दोरीपासून मुख्याध्यापकांच्या खुर्चीपर्यंत ते चढत गेल्याचे कोणी पाहिलेले नाही. पण हे घडले, आणि घडले ते ब्रोकोलीच्या चिमूटभर बियांमुळे.

गाव घाटमाथ्यावरचे, थंड हवेचे. मुख्याध्यापकांचे आडनाव खांबेटे. निवृत्तीला पावणेदोन वर्षे उरली होती. माणूस सज्जन, काटेकोर आणि कष्टाळू. रोज शाळा भरण्यापूर्वी तासभर दहावीच्या मुलांना एक पैसा न घेता शिकवीत. त्यांच्या शाळेचा दहावीचा निकाल सलग दहा वर्षे शंभर टक्के लागत होता आणि ही गोष्ट फाटकावरच्या पाटीवर ठळक अक्षरांत रंगवलेली होती. दरवर्षी पेंटर येऊन तेवढा वर्षांचा आकडा बदलून जाई. बारा वर्षे पुरी व्हावीत, एक तप पुरे करून मगच खुर्ची सोडावी, एवढीच सरांची इच्छा होती.

हा शंभराचा आकडा कसा येतो ते गावाला ठाऊक होते आणि गाव त्यावर बोलत नसे. नववीचा निकाल लागला की जी मुले डळमळीत वाटत त्यांच्या घरी शाळेतून एक खाकी पाकीट जाई. पाकिटात सतरा नंबरचा फॉर्म आणि दोन ओळींचे नम्र पत्र. आपल्या पाल्याने दहावीची परीक्षा बाहेरून द्यावी, त्यातच त्याचे हित आहे, असा मजकूर. बाहेरून बसलेले मूल नापास झाले तरी ते शाळेच्या निकालात धरले जात नाही. सरांना यात काही वावगे वाटत नसे. कच्च्या मुलांमुळे पक्की मुलेही मागे ओढली जातात, असे त्यांचे प्रामाणिक मत होते. प्रामाणिक मताइतके चिवट जगात दुसरे काही नसते.

पहिली तीन वर्षे ही पाकिटे घरोघर पोचवली ती शिपाई कोंडिबा ढेबे यांनी. शाळेतली मुले त्यांना मामा म्हणत, म्हणून सारे गावच मामा म्हणे. सात वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. सदुसष्टी गाठली होती, गुडघ्यांनी असहकार पुकारला होता, पण पारख आणि स्मरण दोन्ही शाबूत होते.

ब्रोकोली म्हणजे काय हे तालुक्यात कोणाला माहीत नव्हते, तेव्हा ती मामांच्या ताटात होती. शाळेत लागण्यापूर्वी, विशीत, ते एका म्हाताऱ्या विलायती मडमेच्या बंगल्यावर माळीकाम करीत. मडम मायदेशी परतताना त्यांच्या हातात कागदाची एक पुडी ठेवून गेली. ते वाण मामांनी पंचेचाळीस वर्षे सांभाळले. आज बाजारात मिळते ते बी बहुधा संकरित असते. पीक जोरात येते, पण त्याचे बी धरून पुन्हा लावले तर आईबापांसारखे लेकरू होईलच याची खात्री नाही. मामांचे वाण सरळ होते. लावायचे, खायचे, फुलू द्यायचे, बी धरायचे, पावडरच्या जुन्या डब्यात राख घालून ठेवायचे, आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा लावायचे. गावाने या भाजीला विलायती फ्लॉवर म्हणून नाव ठेवले आणि मग तिचा विचार करणे सोडून दिले.

पण गेली चार वर्षे मामांना वाफा करता आला नव्हता. मुलाने बांधलेल्या नव्या घराला अंगण म्हणून चार फरशा होत्या. त्यातून गेल्या पावसाळ्यात डब्यात ओल शिरली आणि मूठभर बियांना बुरशी आली. निवडून निवडून एकवीस दाणे धड निघाले. चार वर्षांचे बी. यंदा मातीत गेले नाही तर पुढच्या वर्षी उगवेल याचा भरवसा नव्हता, आणि दुसरीकडे कुठे हे वाण नव्हतेच.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी मामा काठी टेकीत सरांच्या घरी आले. सरांच्या घरामागे ऐसपैस परस होते.

"सर, तुमच्याकडं जागा हाय," मामा म्हणाले. "माझ्याकडं बी हाय."

सर आनंदले. निवृत्तीनंतर बागकाम करायचे त्यांनी योजलेलेच होते. त्याची उजळणी आधीच होणार होती. त्यांनी वही काढली. "मामा, तुम्ही सांगा, मी लिहून घेतो. इथे तुम्ही गुरू."

मामा हसले. त्यांनी रोपे कशी करावीत, केव्हा हलवावीत, माव्याच्या किडीवर काय शिंपडावे, ते सांगितले. शेवटी काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "आन् एक. जेवढी जगतील तेवढी समदी ठिवा. मधला गड्डा कापून खुशाल भाजी करा, पर झाड काढू नका. एकबी."

सरांनी तेही लिहून घेतले आणि खाली रेघ मारली. पुढे जे झाले ते विसरण्यामुळे झाले नाही, हे सांगण्यासाठी ही रेघ मुद्दाम नोंदवतो.

एकवीसपैकी चौदा दाणे उगवले. सरांनी आइस्क्रीमच्या काड्या आणून त्यांवर एक ते चौदा आकडे घातले आणि प्रत्येक रोपाशी एक काडी सुतळीने बांधली. दर रविवारी फूटपट्टीने उंची मोजली. महिन्याने रोपे वाफ्यात गेली तेव्हा दोन ओळी इतक्या सरळ होत्या की प्रार्थनेला उभ्या असाव्यात. त्यांच्या पत्नी सुमित्राबाई म्हणाल्या, "आता हजेरी घ्यायची तेवढी राहिली."

याच सुमारास मामांच्या डोळ्याचे ऑपरेशन ठरले आणि ते दोन-अडीच महिन्यांसाठी लेकीकडे साताऱ्याला गेले. शिष्य एकटा उरला. शिष्याची खरी परीक्षा गुरू समोर नसतानाच होते, आणि ती चालू आहे हे त्याला कोणी सांगत नाही.

जानेवारी उजाडला. चौदा झाडे चौदा तऱ्हेची निघाली. चार नंबरचे बुंध्यातच वाकले. नऊ नंबरला एक मोठा गड्डा धरायचे सोडून बटणाएवढे पाच-सहा आले. अकराच्या पानांची अळ्यांनी जाळी केली. बाकीची बेताची. आणि सात नंबर! सरळसोट बुंधा, निळसर हिरवी रुंद पाने, आणि मध्ये ताटलीएवढा घट्ट गड्डा. शेजारपाजारचे लोक पाहायला येऊ लागले. सर प्रत्येकाला आधी सात नंबरपाशी नेत आणि मग चहाला; बाकीच्या वाफ्याकडे पाहुण्यांचे लक्ष जाऊ नये याची काळजी ते घेत.

सुमित्राबाईंनी बाकीच्या झाडांचे गड्डे कापून दाण्याचे कूट घालून भाजी केली. ती सर्वांना आवडली. सातचा गड्डा सरांनी कापू दिला नाही. त्यांच्या मनात एक विचार पक्का होत होता. बी धरायचे तर उत्तमाचेच धरावे. या सुमार झाडांची फुले शेजारी फुलली, त्यांचा पराग सातला लागला, तर एवढे सुंदर वाण बिघडणार. शिवाय खत आणि पाणी तेरांत वाटून जाते आहे ते वेगळेच. मामांनी ठेवा म्हटले आहे हे खरे. पण मामांनी सात नंबर पाहिलेला नव्हता.

एका रविवारी सरांनी तेरा झाडे उपटली आणि मागच्या भिंतीपलीकडच्या खताच्या खड्ड्यात टाकली. वाफ्यात एकटे सात नंबर राहिले. त्याच्याभोवती त्यांनी आळे केले आणि शेणखत दिले. संध्याकाळी खुर्ची टाकून ते त्याच्याकडे बघत बसले आणि त्यांना फार समाधान वाटले.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मामा परतले, ते थेट सरांच्या परसात. सात नंबरचा गड्डा आता सैलावून लांब तुरे काढीत होता. मामांनी नव्या डोळ्याने ते झाड वरून खालपर्यंत पाहिले. मग रिकामा वाफा पाहिला.

"बाकीची?"

"काढली," सर उत्साहाने म्हणाले. "उत्तमातलं उत्तम तेवढं ठेवलं. तुमचं वाण आता सुधारणार बघा."

मामा काठी टेकीत भिंतीपलीकडे गेले आणि बराच वेळ तिकडेच राहिले. परत आले ते एवढेच म्हणाले, "वैनी, एक बादली पानी मिळंल का?" सरांनी बादली भरून सात नंबरच्या आळ्यापाशी आणून ठेवली. मामांनी ती उचलली, कष्टाने भिंतीपलीकडे नेली आणि खताच्या खड्ड्यात ओतली.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. रोज सकाळी हा वृद्ध मनुष्य दीड किलोमीटर चालत येई, सात नंबरकडे एक नजर टाकी आणि केरकचऱ्याला पाणी घालून परत जाई. सरांना ते विचित्र वाटू लागले, मग थोडे अपमानास्पदही. खड्ड्यात वाकून बघावे असे मात्र त्यांना एकदाही वाटले नाही. आपण जे टाकून दिले ते पुन्हा बघायला कोण जातो?

"डोळा सुधारला, पण मामांचं डोकं..." ते पत्नीला हळूच म्हणाले.

"पाणीच ओततायत ना?" सुमित्राबाई म्हणाल्या. "तूप तर नाही."

महिनाअखेरीस सरांनी खड्डा उपसायला एक गडी बोलावला. गडी फावडे घेऊन आला तेव्हा मामा तिथे होते. ते खड्ड्याच्या कडेवर बसले. गुडघे न वाकणारा माणूस जमिनीवर बसला म्हणजे तो लवकर उठणार नाही हे गड्यालाही कळले. त्याने सरांना हाक मारली. सरांनी परसातूनच विचारले.

"मामा, काय हे?"

"सर, वीस-पंचवीस दिस थांबा. मंग खुशाल उपसा."

"पण का?"

"थांबा म्हंतो ना."

सर चिडले होते. पण तेवढ्यात त्यांना आठवले की एवढ्या वर्षांत या माणसाने आपल्याकडे कधी काही मागितलेले नाही. रजासुद्धा मागितली ती मुलीच्या लग्नापुरती. त्यांनी गड्याला परत पाठवले.

इकडे सात नंबर फुलले. पिवळीधमक फुले, बुंध्याकडून शेंड्याकडे उमलत जाणारी, आणि त्यांच्यावर मधमाश्यांची वर्दळ. सरांचे मन भरून आले. आठवड्याने खालच्या फुलांच्या जागी शेंगा दिसू लागल्या. काडेपेटीतल्या काडीएवढ्या बारीक. सरांनी चार दिवस वाट पाहिली. शेंगा फुगल्या नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी एक तोडून नखाने सोलली. आत काही नव्हते. दुसरी सोलली, तिसरी सोलली. पोचट. सगळ्या पोचट.

त्यांनी शेणखत वाढवले, पाणी वाढवले, मग पाणी कमी केले. कशाचा उपयोग झाला नाही. डब्यात आता एकही दाणा शिल्लक नव्हता. पंचेचाळीस वर्षे एका माणसाने राखलेली गोष्ट आपल्या हाती आली आणि आपल्या हातून चालली, हे त्यांना स्वच्छ दिसत होते. जेवण गोड लागेना. आणि ज्यांनी आयुष्यभर मुलांना "चूक झाली तर येऊन सांगावी" असे शिकवले, ते सर मामांची काठी वाजली की घरात जाऊन वर्तमानपत्र उघडून बसू लागले. वाईट निकाल लपवावासा वाटणे म्हणजे काय असते, ते त्यांना सत्तावन्नाव्या वर्षी प्रथम कळले.

मार्च सरला. मामा येतच होते, पाणी घालतच होते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुमित्राबाईंनी सरांना हाक मारली. "अहो, वरच्या शेंगा बघितल्यात का?"

सर धावत गेले. सात नंबरच्या तुऱ्यांवर खालच्या अर्ध्या भागात त्या जुन्या पोचट काड्या लोंबत होत्या. पण वरच्या अर्ध्या भागात शेंगा फुगल्या होत्या, आणि आतले दाणे बाहेरून मोजता येतील इतक्या ठसठशीत. झाड तेच, माती तीच, पाणी तेच. एकाच तुऱ्यावर अर्धे पोचट आणि अर्धे भरलेले. सरांना काही उलगडेना. त्या दिवशी मामांची काठी वाजली तेव्हा ते वर्तमानपत्राकडे गेले नाहीत. फाटकापाशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मामा, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

"शेंगा पोचट धरल्या व्हत्या, हेच ना?" मामा म्हणाले. "मला दिसत हुतं. डोळा नवा हाय माजा. चला."

ते सरांना भिंतीपलीकडे घेऊन गेले.

खड्ड्यात काटक्या, पाचोळा, नारळाच्या शेंड्या, आणि त्या सगळ्यातून वर आलेली तीन झाडे. आडवी पडलेली असतानाच त्यांनी मुळे धरली होती आणि मग उजेडाच्या दिशेने मान वर काढली होती. एक तर बुंध्यातच काटकोनात वळलेले. तिन्हींवर अजून थोडी पिवळी फुले होती आणि त्यांच्याखाली भरलेल्या शेंगा. एका झाडाला सुतळीने बांधलेली काडी तशीच होती. सरांनी वाकून पाहिले. त्यांच्याच अक्षरात चार लिहिलेले होते.

सर खड्ड्याच्या कडेवर बसले, त्या दिवशी मामा बसले होते तिथेच.

मामांनी सातचा एक तुरा तोडून आणला होता. तो त्यांनी सरांच्या हातात दिला आणि बोटाने दाखवले. "हितपतुर हे एकटं हुतं. हितनं वर ह्या तिघांस्नी फुलं आली. उपटल्यामुळं मागं पडली हुती ना, उशिरा फुलली."

"पण माश्या तर आधीही येत होत्या. मी रोज बघत होतो."

"माश्या येऊन काय हुतंय? ह्या झाडाला सोताची भुकटी चालत न्हाय, सर. एका गोतातलं लगीन हाय ते, जमत न्हाय. माशी ह्याच्याच फुलावरनं ह्याच्याच फुलावर हजारदा बसली तरी शेंग पोचट. दुसऱ्या झाडावरनंच यावं लागतं. मंग ते वाकडं आसंना, अळीनं खाल्लेलं आसंना. सातनंबर लई देखणं हाय. पर तुमी त्याला एकट्याला ठिवलंत, तवा ते त्याच्या देखणेपणासकट हितंच संपणार हुतं. आता ह्या शेंगात निम्मं सातचं हाय आन् निम्मं खड्ड्यातलं. आन् वाकडं म्हणून टाकू नये, सर. चार नंबर वाकडं हाय ना? माझ्याकडं एका साली वारं सुटलं, गारा पडल्या. सरळ हुती ती मोडली. वाकडी जमिनीसरशी हुती, ती ऱ्हायली. त्या सालचं बी त्यांनीच दिलं."

सर मग म्हणाले, "तुम्ही मला सांगितलं का नाहीत?"

"आक्टोबरात सांगितलं हुतं."

"फेब्रुवारीत का नाही सांगितलंत? झाडं जिवंत आहेत म्हणून?"

"सांगितलं आसतं तर तुमी ती काढून वाफ्यात वळीनं लावली असती. तुमाला वळ लागती." मामांच्या चेहऱ्यावर हसू होते, पण त्यात टोचणे नव्हते. "कळी धरलेलं झाड दोनदा हलवलं की मरतंय. जितं मूळ धरलं तितंच पानी घालायचं."

सर हातातल्या तुऱ्याकडे पाहत राहिले. खालचा अर्धा, वरचा अर्धा. त्या आठवड्यात त्यांच्या टेबलावर नववीच्या सहा मुलांची यादी तयार होती. सहा खाकी पाकिटेही काढून ठेवलेली होती. फक्त सही व्हायची होती. तपाचे शेवटचे वर्ष.

"मामा," ते हळू म्हणाले, "ती पाकिटं तुम्हीच पोचवत होतात."

"व्हय. तीन सालं."

"तेव्हा तुम्हाला काय वाटायचं?"

"वाईट वाटायचं," मामा म्हणाले. "आई दारात यायची. पाकीट माझ्या हातातनं घेताना मला वर चाहा घे म्हनायची. तो चाहा गिळवत नसायचा."

"मग मला कधी बोलला का नाहीत?"

"शिपायानं सांगितलं आसतं, तर ऐकलं आसतं तुमी?"

सर खोटे बोलणारे गृहस्थ नव्हते. "नाही," ते म्हणाले.

"आन् तवा माझ्याकडं दाखवायला असला तुरा नव्हता," असे म्हणून मामांनी बादली उचलली आणि तिन्ही झाडांना त्या दिवशीचे पाणी घातले.

मे महिन्याच्या मध्यावर शेंगा वाळून करड्या झाल्या. सरांनी आणि मामांनी ओसरीवर बसून त्या सुपात चोळल्या. सातचे आणि खड्ड्यातल्या तिघांचे मिळून चांगले दोन मुठी बी निघाले. मोहरीसारखे बारीक, काळसर, गोल. मामांनी आपला पावडरचा डबा भरून घेतला. उरलेले बघून सर आत गेले आणि ती सहा खाकी पाकिटे घेऊन आले. सतरा नंबरचे फॉर्म त्यांनी आधीच कपाटात परत ठेवून दिले होते, पण पाकिटे वाया घालवणे त्यांच्या स्वभावात नव्हते. प्रत्येकात चिमूटभर बी घातले आणि तोंड चिकटवले.

ही पाकिटे पोचवायला सर स्वतः गेले. बरोबर मामा होते, घरे दाखवायला. पहिल्याच दारात मुलीची आई बाहेर आली. सरांच्या हातातले खाकी पाकीट दिसताच तिचा चेहरा उतरला. गावात ते पाकीट सगळे ओळखत.

"सर, ह्या बारीला तरी... ती लई अभ्यास करती हो," ती म्हणाली.

सरांनी पाकीट तिच्यापुढे धरले. त्यांना लाज वाटली, आणि ती त्यांनी लपवली नाही. "बाई, उघडून बघा," ते म्हणाले. "भाजीचं बी आहे. ऑक्टोबरात लावा. आणि जूनला मुलीला शाळेत पाठवा, दहावीच्या वर्गात. मी सकाळी एक तास आधी येतो, तिलाही पाठवा."

बाईंनी पाकीट उघडले. तळहातावर बी ओतून पाहिले, पुन्हा पाहिले. मग आत जाऊन चहा ठेवला. तो चहा मामांनी बशीत ओतून सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

पुढच्या ऑक्टोबरात सरांनी आपल्या परसात तीस रोपे केली आणि तीसच्या तीस ठेवली. वाफ्यात शिस्त म्हणून काही उरली नाही. सुमित्राबाईंनी फूटपट्टी परत कंपासपेटीत टाकली.

आणि दहावीचा निकाल लागला तेव्हा सरांच्या नोकरीचे आठ दिवस उरले होते. त्या सहांतली चार मुले उत्तीर्ण झाली, दोन राहिली. सर त्या दोघांच्या घरी जाऊन आले आणि जुलैच्या परीक्षेचे फॉर्म भरून घेतले. तप काही पुरे झाले नाही. पेंटर नेहमीप्रमाणे डबा आणि ब्रश घेऊन आला आणि पाटीखाली अवघडून उभा राहिला.

"सर, शंभर टक्के पुसायचं का?"

"पुसा."

"मग काय लिहू? सत्त्याण्णव?"

"टक्के नकोत," सर म्हणाले. "लिहा: नववीत होते अठ्ठावन्न. दहावीला बसले अठ्ठावन्न."

पेंटरने वळून पाहिले. त्याला वाटले, सरांचे काही चुकते आहे. पण त्याने लिहिले. संध्याकाळी मामा तिथून जात होते. त्यांनी काठी फाटकाला टेकवली, ती ओळ एकेक अक्षर लावून वाचली, आणि बी भरले की नाही ते कळायला शेंग दाबून पाहावी तसे पाटीवर दोन बोटे हलकेच दाबली. रंग ओला होता. बोटांना लागला, तो त्यांनी पुसला नाही.

गावात एवढी परसे असताना मामांनी ते बी सरांनाच का दिले, असे मी त्यांना एकदा विचारले. ते म्हणाले, "त्यांच्याकडं जागा हुती." मी तेवढ्यावर समाधान मानले.

शंभर टक्क्यांची पाटी दिसली की आपणही शांतपणे एवढे विचारावे: वाफ्यात किती लावली होती?